सूतभर वर

फेब्रुवारी संपत आला की आमच्या घरात पाना वाजतो. बाहेर कडुनिंबाची पानं गळत असतात, दुपारी पंखा लावावासा वाटतो आणि पहाटे पुन्हा पांघरूण ओढावंसं वाटतं. अशा दिवसांतल्या एखाद्या रविवारी सकाळी जिन्याखालून आधी सायकल ओढून काढल्याचा खडखडाट येतो आणि मग हातोडीचा ठोका. हँडलच्या वरच्या बोल्टवर लाकडाचा तुकडा ठेवून मारलेला, बसका, जड ठोका. तो ऐकला की माझे खांदे आपोआप वर जातात. मी शाळेत भूगोल शिकवते, सेहेचाळीस वर्षांची आहे, पोरांना धाकात ठेवण्याबद्दल माझी ख्याती आहे. पण तो आवाज आला की मी हातातलं काम सोडून गॅलरीत जाते आणि खाली वाकून बघते. खाली बाबा असतात आणि सायकल असते. तिसरं कुणी नसतं, तरी मी बघते.

दुसऱ्यांच्या घरी परीक्षा आली की टीव्ही बंद होतो, देवाला काहीतरी बोललं जातं. आमच्याकडे हँडलची उंची बघितली जायची. बाबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि जगातली निम्मी दुखणी माप चुकल्यामुळं होतात असं त्यांचं ठाम मत होतं. चप्पल चावते, दार वाजतं, मान धरते, सगळं मापाचं. परीक्षेचं त्यांचं गणित असं होतं, की हँडल खाली असेल तर अंगाचा भार मनगटावर येतो, फार वर असेल तर खांदे ताठतात. दोन्हींत बोटांना मुंग्या येतात, आणि मुंग्या आलेल्या हातानं मूल तीन तास लिहिणार काय? म्हणून परीक्षेच्या आधीच्या रविवारी ते ताईला आणि मला खाली बोलवायचे. कोपर सीटच्या टोकाला टेकवायचं, हात पुढं लांब करायचा, बोटांची टोकं हँडलच्या दांड्याला लागली पाहिजेत. मग सीटवर बसवून पाठीमागून खांदे बघायचे. पुढं पुढं करणाऱ्या शिंप्यासारखे ते सायकलीभोवती फिरत. आमच्यात सायकल एकच, ताई पुढं आणि मी कॅरिअरवर, पण माप दोघींचं घेतलं जायचं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतली पोरं हा सोहळा बघायला कठड्यावर बसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ताई म्हणजे सुजाता. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, बाबांवर गेलेली, उंच. मी आईवर गेले, म्हणजे बुटकी. ताईला मापाशी काही घेणंदेणं नव्हतं, तिला दिसण्याशी होतं. तेव्हा पोरांच्या सायकलींची हँडलं अगदी खाली बसवलेली असत, काहींनी तर उलटी फिरवून घेतलेली. वाकून, कोपरं बाहेर काढून ती पोरं क्रांती चौकाच्या उतारावरून सुटायची. ताईला तसं हवं होतं. "बाबा, खाली घ्या ना थोडं. असं ताठ बसून जाते तर पोस्टमन दिसते मी."

"पोस्टमनला काय झालं? दिवसभर चालवतो, कंबर दुखत नाय त्याची."

"पण दिसतं कसं?"

"मागून येणाऱ्याला कसं दिसतं ते मागच्यानं बघावं. तू पुढं बघ."

असं त्यांचं चालायचं. हँडल हलवणं सोपंही नव्हतं, कारण त्या सायकलीचे ब्रेक तारेचे नसून सळ्यांचे होते. हँडल वर-खाली केलं की सळ्याही सोडवून पुन्हा बांधाव्या लागत. हे सगळं बाबा स्वतः करत. आणि उंची ते सुतात मोजत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, गवंडी, फिटर यांच्या तोंडचं माप. "सूतभर वर घेतलंय," असं म्हणून ते हात पुसायचे. एवढ्याशा फरकानं काय होतं, असं मला वाटायचं. ताई मात्र बसल्याबरोबर सांगायची, वर झालंय की खाली.

आता तो मार्च. ताईची बारावी, मी नववीत. त्या वर्षी पळस कधी फुलला ते मला आठवत नाही, पण पेपरच्या दिवसांतलं ऊन आठवतं, आमच्या पत्र्याच्या छपरावर कावळे पाय भाजल्यासारखे उचलून ठेवायचे ते आठवतं, आणि ताईच्या हातावरचा शाईचा डाग आठवतो. दुसरा की तिसरा पेपर देऊन ती आली आणि दप्तर टाकून जिन्यावरच बसली. म्हणाली, "अंग दुखतंय. खांदे, पाठ, सगळंच."

बाबा दुपारपाळीला निघाले होते. डबा खाली ठेवून त्यांनी तिला सीटवर बसवलं, मागून बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघ, मी काय म्हनत व्हतो. पोरगी वाढली. हँडल कमी पडतंय आता." सूतभर वर घेतलं. ताई एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, बरं वाटतंय. मला वाटतं ती खरंच म्हणाली असेल. बाबांनी काही दुरुस्त केलं की आम्हाला बरं वाटायचंच, तशी सवयच होती.

चार दिवसांनी पुन्हा दुखायला लागलं. पुन्हा पाना निघाला, पुन्हा सूतभर. ती जेवत नव्हती, तर आई म्हणाली, परीक्षेची धास्ती आहे. ती दुपारी झोपून राहायची, तर मी म्हणाले, नाटक करते. बाबा तिला भिंतीशी उभं करून बघायचे आणि कौतुकानं म्हणायचे, "दोन महिन्यांत केवढी वाढली बघा." त्या परीक्षेभर आमच्या घरात ताईच्या वाढण्याचं असं कौतुक चाललं होतं. सगळे पेपर तिनं दिले. शेवटचा देऊन आली तेव्हा सायकल हातात धरून, चालत आली. आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि तिच्याकडं बघितलं, आणि तांब्या परत घेतला नाही, तशीच उभी राहिली. ताईचे डोळे पिवळे झाले होते.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगता येत नाही. कावीळ होती, आणि साधी नव्हती. दवाखान्यातले दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. उसाचा रस घेऊन जिना चढणारे बाबा, खाटेच्या पायाशी मुटकुळं करून बसलेली आई. एका डॉक्टरांनी जाता जाता म्हटलं, थोडं आधी आणलं असतं तर. ते रागावले नव्हते, कागद बघत सहज बोलले. बाबांनी ते ऐकलं, मीही ऐकलं. एप्रिलच्या सुरुवातीला गल्लीत जयंतीची तयारी चालली होती, निळ्या पताका आमच्या गॅलरीवरून पलीकडे बांधल्या जात होत्या, आणि ताई गेली. पोरांनी आमच्या दारापुरत्या पताका सोडून ठेवल्या. ती मोकळी जागा मला पुढं कितीतरी वर्षं त्या दिवसांत दिसायची, तिथं पताका बांधलेल्या असल्या तरी. जूनमध्ये निकाल लागला. पास झाली होती.

पुढच्या फेब्रुवारीत माझी दहावी. रविवारी सकाळी ठोका ऐकू आला आणि मी स्वतःच खाली गेले, कारण मापाला कधी बोलावतील याची वाट बघून कंटाळले होते. वर्षभर सायकल जिन्याखाली पडून होती. बाबांनी ती पुसली होती, चेनला तेल दिलं होतं. मी सीटजवळ जाऊन कोपर पुढं केलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बोल्ट ढिला केला, ठोका मारला, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवलं आणि वर घेतलं. सूतभर. मग सळ्या बांधल्या, हात पुसले आणि वर निघून गेले. मी सायकलीवर बसले तेव्हा माझे हात छातीच्या वर गेले. माझ्यासाठी ते हँडल आधीच फार उंच होतं, आता आणखी झालं होतं.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापता थापता थांबली. "असू दे. चालव तशीच. त्यांना कायबी बोलू नको."

"पण माझे हात दुखतात."

"दुखू दे थोडे," आई म्हणाली. माझी आई निष्ठुर नव्हती, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

तेव्हा मला कळलं नव्हतं, नंतर कळलं, आणि ते सरळ सांगून टाकते. बाबा म्हणाले होते की पोरगी वाढली, म्हणून दुखतंय. ती वाढत असेल तरच त्यांचं म्हणणं खरं होतं. वाढत नसेल, तर त्यांनी सगळा मार्च पाना हातात घेऊन घालवला होता आणि पोरगी त्यांच्या डोळ्यांदेखत आजारी पडत गेली होती. म्हणून ताईला वाढत राहणं भाग होतं. दर परीक्षेच्या दिवसांत ती सूतभर वाढायची. कधी त्याहूनही कमी, नखाएवढी, पण वाढायचीच.

मी दहावी, बारावी, कॉलेज, सगळं त्या सायकलीवर केलं. मुली म्हणायच्या, घोड्यावर बसल्यासारखी काय बसतेस. मी हसायचे. हात वर, खांदे कानांशी, बाह्या मागं सरकलेल्या. माझे हात जिथं असायचे ती माझ्या हातांची जागा नव्हती. दुसऱ्या कुणाच्या तरी हातांची होती, माझ्याहून उंच, माझ्या वर बसलेल्या कुणाच्या. पैठण रोडला गाड्यांची वर्दळ नसायची तेव्हा, संध्याकाळच्या उन्हात माझी सावली पुढं पडायची आणि ती माझी वाटायची नाही. मी पॅडल मारायचं थांबवलं तरी सावली थोडी पुढं सरकते आहे असं वाटायचं. एकदा बाजारात मागून एका म्हाताऱ्या बाईंनी हाक मारली, "सुजा." त्यांना ताई गेल्याचं माहीत नव्हतं. मी वळले नाही. मला भीती वाटली की आपण वळलो तर हाक मला मारली होती असं होईल.

मी ताईच्या वयाची झाले आणि पुढं गेले, पण तिच्या उंचीची कधी झाले नाही. उलट दरवर्षी ती माझ्यापासून वर वर जात होती. तिला मी मनात बघायचे ती अठराची ताई नव्हती. कधी बाबांएवढी उंच, मग बाबांहून उंच, मग स्वयंपाकघराच्या दारातून वाकून आत येणारी. लग्न होऊन मी जवळच्याच गल्लीत राहायला गेले, आई गेल्यावर बाबांसाठी लेकीला घेऊन परत याच घरात आले, नवरा नोकरीसाठी नाशिकला, शनिवारी येतो. या सगळ्यात सायकल जिन्याखालीच होती. कुणी चालवो न चालवो, फेब्रुवारीत पाना वाजायचा. मी जिन्यावरून रात्रीचा दिवा लावल्याशिवाय उतरत नाही. मुलीला सांगते, जिना खराब आहे.

मध्ये एकदा, माझं कॉलेज संपत आलं तेव्हा, खांद्याच्या दुखण्यानं वैतागून मी सायकल गुपचूप रऊफचाचांकडं नेली होती. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान चौकात, बाबांशी जुनी ओळख. म्हटलं, चाचा, हँडल खाली घेऊन द्या. त्यांनी सायकल उभी केली, हँडलवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"ये तुमारे अब्बा का काम है बेटी. मैं हात नै लगाता."

"पण मला दुखतं चाचा."

"उनकू बोलो."

"नाही बोलता येत."

चाचांनी सायकल पुन्हा स्टँडवर घेतली. मग चाकात हवा भरून दिली, चेनला तेल दिलं आणि पैसे घेतले नाहीत. मी तशीच परत आले. गल्लीला सगळं माहीत होतं हे मला त्या दिवशी समजलं, आणि कुणीच बोलणार नाही हेही.

या वर्षी माझी मुलगी दहावीला आहे. मैत्री तिचं नाव. तिच्या परीक्षेच्या हॉल तिकिटावर शहराचं नवं नाव छापलंय, बाबा अजून जुनंच घेतात, आणि ती दोन्ही नावं वापरते, ज्याला जे समजेल ते. हवा तीच आहे. पहाटेचा गारवा, दुपारची तलखी, नळाला पाणी यायच्या दिवशी सगळ्या गल्लीची धावपळ. रोजे सुरू आहेत, त्यामुळं संध्याकाळी चौकात खजूर आणि टरबुजाच्या गाड्यांची गर्दी होते आणि अभ्यासातून उठून मैत्री खाली भजी आणायला जाते. शाळेत मी पर्यवेक्षण करते तेव्हा पोरांच्या कागदांकडं बघत नाही, खांद्यांकडं बघते. कोण ताठलंय, कोण कलंडलंय. एखादी मुलगी डोकं डेस्कवर टेकवते, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन उभी राहते आणि डोळे बघते. मुली दचकतात. त्यांना वाटतं बाई कॉपी शोधतायत.

मैत्रीला गियरची सायकल घेऊन द्यायला आम्ही तयार होतो. तिला तीच हवी. तिच्या मैत्रिणींना ती जुनी काळी सायकल फार आवडते, फोटोत भारी दिसते म्हणे, आणि सगळ्यात भारी ते उंच हँडल. ताईला दिसण्यासाठी ते खाली हवं होतं, हिला दिसण्यासाठी वर. "आई, अजून थोडं वर झालं ना, तर एकदम रॉयल दिसंल," ती म्हणाली. बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पुष्कळ वर्षांनी तो खुललेला भाव बघितला.

त्या रविवारी ठोका वाजला तेव्हा मी गॅलरीत न थांबता खाली गेले. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. शर्टाच्या बाह्या हाताच्या बोटांपर्यंत येतात, कारण माणूस आत आकसलंय. गुडघ्यांत चाक धरायची ताकद उरली नाही, म्हणून मैत्रीनं धरलं होतं. त्यांनी हँडल वर ओढलं. दांड्याचा आतला भाग बाहेर आला, आणि त्यावर कंपनीनं कोरलेली आडवी रेघ दिसली. ती रेघ दिसेपर्यंतच हँडल वर घ्यायचं असतं. त्यापुढं दांडा आत पुरेसा उरत नाही आणि चालवताना हँडल हातात येऊ शकतं. हे मला बाबांनीच शिकवलं होतं. रेघ बाहेर आली आणि तरी ते बोल्ट आवळायला लागले.

"बाबा, रेघ दिसतेय."

"दिसतीय मला."

"हातात येईल तिच्या. चौकात उतार आहे."

"नाय येत. माझं काम हाय ते."

"राहू दे ना आई, भारी दिसतंय," मैत्री म्हणाली.

मी तिला वर चहा टाकायला पाठवलं. ती तोंड वाकडं करून गेली. मी चाक धरलं. एकतीस वर्षं मी बोलले नव्हते, आई बोलली नव्हती, गल्ली बोलली नव्हती. सगळ्यांनी त्यांना सांभाळलं होतं आणि मीही सांभाळत राहिले असते, हात वर धरून आयुष्य काढलं असतं. पण आता त्या सायकलीवर माझी मुलगी बसणार होती. म्हणायचं काय ते मला सुचत नव्हतं. ताई मेली, हे त्यांना माहीत होतं. तुमची चूक होती, हे मी मेले तरी म्हणणार नव्हते.

"बाबा, ताई आज केवढी असती?"

त्यांना आठवावंसुद्धा लागलं नाही. "जुलैत पन्नाशी लागली असती."

"मग या वयात कोण वाढतं?"

पाना तसाच बोल्टवर राहिला. मी म्हणाले, "माझी उंची परवा शाळेत मोजली, आरोग्य तपासणीत. आधीपेक्षा थोडी कमी भरली. ताईची पण तशीच भरली असती. पन्नाशीला पाठ वाकायला लागते, बाबा. तिला आता एवढं वर झेपणार नाही. तिचे हात दुखतील."

ते सायकलीच्या सीटकडं बघत होते. तिथं कुणी बसलेलं असावं आणि त्याचे खांदे ते मागून बघत असावेत, तसे. मीही बघितलं. मला लाज नाही वाटत सांगायला, मीही तिथं बघितलं. पिकायला लागलेले केस, जराशी वाकलेली पाठ, चष्मा असेल बहुतेक. दारातून आता वाकावं न लागता आत येणारी एक बाई. मला ती पहिल्यांदाच ओळखीची वाटली.

"व्हय," बाबा म्हणाले. "कमी व्हतं माणूस या वयात."

त्यांनी बोल्ट पुन्हा ढिला केला, लाकडाचा तुकडा ठेवून ठोका मारला आणि दोन्ही हातांनी हँडल खाली दाबलं. गंजानं कुरकुर केली. रेघ आत गेली. मागच्या वर्षीच्या खुणेच्या खाली, सूतभर. मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि पायरीवर बसले.

"पुढचं तू घे. पोरीच्या मापानं."

वरून मैत्रीनं विचारलं, चहात साखर किती. बाबा चिंधीनं एकेक बोट पुसत होते, तेल निघाल्यावरही पुसतच होते.

"प्रज्ञा," त्यांनी खाली बघत माझं नाव घेतलं. "पोरगी अंग दुखतंय म्हनली, तर या सायकलीला हात लावू नको. आधी डॉक्टरकडं ने."

मी हो म्हणाले.